रोलर डर्बीचा पहिला सराव: बारा दिवस हातात आहेत, काय काय करू? (मुक्काम सोलापूर)

सातरस्ता
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

झालंय असं, की ओळखीतली एक मुलगी परदेशात शिकायला असताना रोलर डर्बी नावाचा खेळ खेळायची. आता ती सोलापुरात परत आलीय आणि तिला करमेना. हा खेळ एकटीने खेळता येत नाही, म्हणून तिने आम्हा आठ जणींना गाठलंय. विजापूर रोडला एका शाळेचं स्केटिंगचं रिंक रविवारी सकाळी सहा ते आठ मिळालंय. पहिला सराव पुढच्याच्या पुढच्या रविवारी.

माझी अवस्था: वय ३४. शेवटचा व्यायाम म्हणजे शाळेतलं लेझीम. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्ची. स्केट आहेत, एकीचे वापरलेले घेतले. पुढे दोन चाकं, मागे दोन चाकं, टोकाला रबरी बूच. लहानपणी पट्ट्यांनी बांधायचे स्केट घालून अंगणात चार दिवस खडखड केली होती, तेवढाच अनुभव.

सामान काय लागेल, व्यायाम कुठला करू, गच्चीवर एकटीने प्रयत्न करून बघू का, हे सगळं विचारायचंय. पण खरा प्रश्न एकच. मला पडायची फार भीती वाटते. अगदी पायऱ्या उतरताना कठडा धरणाऱ्यांतली आहे मी.

सासूबाईंना ‘स्केटिंगचा क्लास’ एवढंच सांगितलंय. त्यावर, ‘पडायला पैसे भरतेस का गं?’ असं विचारून झालंय.

कडकभाकरी
पैला!
सोलापूरच्या उन्हाळ्यात चाकं लावून पळायचं म्हणजे डांबर चिकटंल की बे चाकाला. रुमाल टाकून ठेवतो, भारी धागा होणार हा.

शंकासूर
डर्बी म्हणजे घोड्यांची शर्यत ना? त्यात रोलर कुठून आला? आधी खेळ काय आहे ते सांगा, मग सल्ले देऊ.

सातरस्ता
@शंकासूर, मलाही नीट सांगता येत नाही. दोन व्हिडिओ बघितले. बऱ्याच बायका गोल फिरत एकमेकींना ढुंगणाने ढकलतात, एवढं कळलं.

अटलांटिकपार
हाहाहा, सातरस्ता, व्याख्या बरोबर आहे!

मी मूळची बार्शीची, गेली अकरा वर्षं अमेरिकेत. चार हंगाम डर्बी खेळले, त्यातला एक खुबा सुजवून बाकावर बसण्यात गेला. शंकासूर, कबड्डी डोळ्यासमोर आणा, लगेच कळेल.

ट्रॅक अंडाकृती, घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. प्रत्येक संघाच्या पाच जणी ट्रॅकवर. चार ब्लॉकर आणि एक जॅमर. जॅमरच्या हेल्मेटवर चांदणी असते. जॅमर म्हणजे चढाई करणारी. फरक एवढाच, की इथे दोन्ही संघांच्या चढाया एकाच वेळी चालू असतात. म्हणजे ब्लॉकरने समोरच्या जॅमरला अडवायचंही आणि त्याच क्षणी आपल्या जॅमरला वाटही करून द्यायची. डोकं फिरतं. पहिल्या फेरीत जॅमरला गुण नाहीत, नुसतं घोळक्यातून बाहेर पडायचं. जी नियमात राहून आधी सुटते ती ‘लीड’. पुढच्या फेऱ्यांत समोरच्या संघाच्या जितक्या ब्लॉकर ओलांडाल तितके गुण.

अशा एका खेपेला जॅम म्हणतात, तो जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. पण लीड जॅमरला वाटलं तर दोन्ही हात कमरेवर आपटून ती तो आधीच थांबवू शकते. गडी टिपून मध्यरेषा गाठावी तसं, आपले गुण घेतले की दुसरीला मिळायच्या आत खेळ बंद. दोन जॅममध्ये ३० सेकंद. असे ३०-३० मिनिटांचे दोन डाव.

आणि नाही, वाट्टेल तसं मारता येत नाही. खांदा, खुबा, अंगाची बाजू चालते. कोपर, डोकं, हाताने धरणं, पाठीत धक्का हे चालत नाही. चूक झाली की ३० सेकंद बाहेर खुर्चीवर. अशा सात चुका झाल्या की सामना संपेपर्यंत घरी.

सातरस्ता, यातलं काहीही तुझ्या पहिल्या सरावात होणार नाही. पहिले दोन तास तुला उभं राहायला, थांबायला आणि पडायला शिकवतील. ज्याची भीती वाटते तेच पहिल्या दिवशी शिकवतात, त्यामुळे मुहूर्त चांगला आहे.

पार्कचौपाटी
वाचनखूण साठवली. बार्शी म्हटल्यावर भगवंत मंदिर आठवलं. सराव आठला संपणार म्हणजे नाश्त्याची सोय काय? महत्त्वाचा प्रश्न कुणीच विचारला नाही.

चाकोरीबाहेर
मी अकरा वर्षं मुलांना स्केटिंग शिकवतोय (सोलापूर नाही, शेजारचा जिल्हा). थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्याला स्केटवर धड उभं राहता येत नाही त्याने थेट धक्काबुक्कीच्या खेळाला जाऊ नये. तीन महिने साधं स्केटिंग करा, वळणं घ्यायला शिका, मग डर्बी. आणि गच्चीवर एकटीने तर अजिबात नको. कठडा कमरेइतका असतो आणि स्केटवर तुमची उंची तीन इंच वाढलेली असते, हे कुणी लक्षात घेत नाही.

सामान: हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड, माउथगार्ड. पाचातलं एकही कमी असेल तर रिंकवर पाय ठेवू नये.

अटलांटिकपार
@चाकोरीबाहेर, गच्चीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. सामानाबद्दलही. तीन महिन्यांबद्दल मात्र नाही. आमच्या क्लबमध्ये दर मोसमात पंधरा-वीस नवख्या यायच्या, त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात स्केट घातलेले नसायचे. पूर्वी नवशिक्यांना ‘फ्रेश मीट’ (ताजं मांस) म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी तो शब्द टाकून दिलाय. त्यांना धक्का मारायला महिनोन्‌महिने देतच नाहीत. आधी पाच मिनिटांत २७ फेऱ्या मारून दाखवायच्या, असा दंडक बरीच वर्षं होता. मी पहिल्यांदा १४ मारल्या आणि कोपऱ्यात जाऊन ओकले.

उलट साधं स्केटिंग चांगलं येणाऱ्यांनाच डर्बीत त्रास होतो. त्यांना ताठ उभं राहून ऐटीत जायची सवय असते. ती मोडायला वेळ लागतो.

चाकोरीबाहेर
मुद्दा मान्य, पण शिकवणारी व्यक्ती तयारीची हवी. एक खेळाडू आणि आठ नवशिक्या असं असेल तर पहिल्या दिवशी तिने स्वतः खेळू नये, फक्त बघावं. एवढं तिला सांगा.

शंकासूर
खेळ समजला, धन्यवाद. पण चौतिसाव्या वर्षी, नोकरी-संसार असताना हे कशासाठी? चालायला जा, योगासनं करा. हात मोडून घेण्यात काय पुरुषार्थ?

कडकभाकरी
पुरुषार्थ नाहीच ओ त्यात, सगळ्या बायकाच हायत.

मनीमाऊ_७१
@शंकासूर, माझं वय नावातच आहे. लग्नानंतर पाच वर्षं मंगळागौरी जागवल्या. रात्री जेवून उठल्यावर नऊवारीत बसफुगडी घालायचो, तीही शेणाने सारवलेल्या जमिनीवर. आमच्या नणंदेचा बसफुगडी घालताना दात पडला होता. तेव्हा कुणी ‘कशासाठी’ विचारलं नाही, कारण गौरीचं नाव पुढे होतं. हिने डर्बीच्या पुढे एखाद्या देवीचं नाव लावलं की तुमची हरकत संपेल.

सातरस्ता, बाळा, मांड्यांच्या व्यायामाला बसफुगडीसारखं काही नाही. नवऱ्याला समोर बसव आणि घाल. दोन मिनिटांत त्यालाही कळेल.

अटलांटिकपार
मनीमाऊ, दंडवत घ्या! आमच्या प्रशिक्षकाने हे बघितलं असतं तर सरावात घेतलं असतं. डर्बीत उभं राहायची पद्धत आहे तीच: गुडघे वाकवलेले, ढुंगण खाली, छाती वर, नजर समोर. खुर्चीवर बसायला निघालो आणि कुणी खुर्ची काढून घेतली, तिथेच थांबायचं. याला डर्बी स्टान्स म्हणतात. दोन तास त्यात राहायचं असतं.

सातरस्ता, बारा दिवसांत फार काही कमावता येत नाही, पण रोज एवढं कर. बैठका दहा-दहाच्या तीन खेपा. एका पायावर उभं राहून दात घास, सकाळी उजवा पाय, रात्री डावा. नुसत्या मोज्यांवर त्या खुर्चीच्या अवस्थेत स्वयंपाकघरात मागे-पुढे चाल. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.

पूर्वभाग
नमस्कार अक्का. मला खेळातलं काय कळत नाही, पण बेअरिंगमधलं कळतं. पंचवीस वर्षं लूम दुरुस्त करायलोय.

आठ चाकं म्हणजे सोळा बेअरिंग, एका चाकात दोन. वापरलेले स्केट घेतलेत म्हणून सांगतो. पहिलं काम, चाकाला बोट लावून फिरवून बघा. खरखर आवाज आला, नाहीतर दोन फेऱ्यांत थांबलं, तर बेअरिंगमध्ये धूळ बसलीय. काढून पुसा आणि शिलाई मशीनचं तेल एकच थेंब. ओतू नका. तेलावर परत धूळ बसती आणि चिखल होतो. खोबरेल तर बिलकुल नको.

दुसरं, चाकाचा नट. लोक जोर लावून आवळतात, मग चाक फिरत नाही आणि म्हणतात स्केट खराब हाय. पूर्ण आवळायचा, मग थोडासा उलटा सोडायचा. चाक हातानं हलवलं तर किंचित टक् टक् वाजावं, पण डुगडुगू नये. बहुतेक नटाला १३ चा पाना बसतो. गाडीच्या टूलकिटमध्ये असतो.

तिसरं, पुढचं ते रबरी बूच. त्याचा आटा घट्ट हाय का बघा. फिरत असताना ते निघालं तर तुम्ही एकीकडं, बूच दुसरीकडं.

चाकोरीबाहेर
पूर्वभाग, मुजरा. अकरा वर्षं शिकवतोय, इतकं नेमकं मी सांगितलं नसतं.
चाकांबद्दल भर घालतो. रिंक साध्या सिमेंटचं असेल तर मऊ चाकं बरी. चाकावर कोरलेला आकडा बघा. ७८ए म्हणजे मऊ, ९५ए म्हणजे कडक. कडक चाकं गुळगुळीत फरशीसाठी. खरबरीत सिमेंटवर ती घातली तर दाढा हलतात.

हाडवैद्य
उशिरा आलो, ओपीडी होती. धागाकर्तीच्या मुख्य प्रश्नावर कुणी नीट बोललेलं नाही.

पडताना माणूस आपोआप तळहात पुढे टाकतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. म्हणून मनगटाचे गार्ड, ज्यात तळहाताच्या बाजूला कडक पट्टी असते ते. क्रिकेटचे किंवा जिमचे हातमोजे नव्हेत. मनगटात स्कॅफॉइड नावाचं होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. ते मोडलं तर पहिल्या दिवशी एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. पडल्यानंतर तिथे दाबून दुखलं, तर ‘मुरगळलंय, आयोडेक्स लावू’ म्हणून घरी बसू नका. तीन महिन्यांनी येणारे पेशंट मी बघतो.

हेल्मेट: स्कूटरचं नको. जड असतं, कान झाकतात, बाजूचं दिसत नाही. सायकलचं हेल्मेट एका मोठ्या आघातासाठी बनवलेलं असतं आणि मागचा भाग बराच उघडा राहतो. स्केटिंगमध्ये माणूस मागेही पडतो. स्केटिंगसाठीचं एएसटीएम एफ १४९२ हे सुरक्षा मानक लिहिलेलं मिळालं तर उत्तम. पट्ट्याखाली दोन बोटं बसतील इतपत घट्ट.

गुडघ्याला व्हॉलीबॉलचे मऊ पॅड चालणार नाहीत. वर प्लॅस्टिकची कडक वाटी हवी. मऊ कापड जमिनीला चिकटतं, गुडघा जागीच अडतो आणि वरचं शरीर पुढे जातं. वाटी घसरते, म्हणून वाचवते.

कडकभाकरी
डॉक्टर, ढुंगणाला काय? सगळा भार तिथंच येतोय असं व्हिडिओत दिसायलंय.

हाडवैद्य
ढुंगणाला निसर्गाने पॅड दिलेले आहेत. तुम्हाला जरा जास्तच दिले असावेत असा अंदाज. दिवे घ्या.

(माकडहाडाला लागलं तर मात्र महिनाभर बसणं अवघड. आत घालायच्या पॅडच्या चड्ड्या मिळतात.)

अटलांटिकपार
डॉक्टरांना अनुमोदन. पडण्याचं तंत्र लिहिते, कारण मीही कठडा धरणारीच होते.

पडायचं ते पुढे आणि लहान होऊन. तोल गेला असं वाटताक्षणी वर उठायची धडपड करायची नाही, उलट आणखी खाली बसायचं. एक गुडघा टेकायचा, मग दुसरा. हात छातीशी, मुठी बंद. मुठी का, तर मागून येणारीची चाकं पसरलेल्या बोटांवरून जातात. आठ चाकं आणि वर एक अख्खी बाई. मागे जातोय असं वाटलं तर गुडघे वाकवून एका कुल्ल्यावर बसायचं, हात मागे टेकायचा नाही.

हे स्केट न घालता घरी करता येतं. जमिनीवर चादरीची जाड घडी टाक (सोलापुरात चादर शोधायला लागू नये), गुडघ्याचे पॅड चढव आणि उभ्याने एका गुडघ्यावर अलगद टेक, ऊठ. हात जमिनीला न लावता ऊठ. उजवा दहा, डावा दहा. पडण्याची भीती ही बरीचशी न उठता येण्याची असते.

पार्कचौपाटी
गुडघ्यावरून आठवलं. गड्ड्याच्या यात्रेत (आपली सिद्धेश्वराची) सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, मिरवणुकीत निघतात. ते पेलणारे आधीपासून सराव करतात. शेजारी एक काका होते, बरीच वर्षं मानाने पेलायचे. ते म्हणायचे, काठीच्या टोकाकडं बघायचं नाही आणि पायाकडंही बघायचं नाही. कंबर खाली सोडायची आणि पुढं कुठं जायचंय तिकडं बघायचं. इथं खुर्चीसारखं बसा, नजर समोर वाचलं आणि काका डोळ्यापुढं आले.

अनुस्वार
विषय रोचक आहे, पण मराठी खेळाला मराठी शब्द नकोत का? जॅमर = मुसंडीकार. ब्लॉकर = आडकाठी. टो-स्टॉप (ते रबरी बूच) = अंगठारोध. पेनल्टी बॉक्स = पश्चात्तापपेटी.

कडकभाकरी
पश्चात्तापपेटी लई आवडलं. आमच्या घरात दिवाण हाय तसला.

शंकासूर
खेळ मराठी कधीपासून झाला? अमेरिकन आहे ना?

अनुस्वार
चूक झाली, मान्य. आता मी तीस सेकंद पेटीत बसतो.

अटलांटिकपार
अमेरिकनच. लिओ सेल्ट्झर नावाच्या माणसाने १३ ऑगस्ट १९३५ ला शिकागोच्या कोलिझियममध्ये सुरू केला. मंदीचे दिवस होते. तेव्हा ती नुसती दमवणारी शर्यत होती, गोल गोल फिरत हजारो मैल कापायचे. स्केटर एकमेकांवर आदळले की लोक उठून ओरडतात, हे बघून डेमन रन्यन नावाच्या पत्रकाराने सुचवलं की ही धडकच खेळात घ्या. पुढे टीव्हीवर गाजला, मग मेला. २००१ च्या सुमारास टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये बायकांनी तो परत उभा केला, स्वतः चालवला, स्वतः नियम लिहिले. सपाट जागेवर खेळायचं ठरलं तेव्हापासून तो कुठेही पोचला. खडूने किंवा चिकटपट्टीने ट्रॅक आखला की झालं.

चाकोरीबाहेर
आपल्याकडे स्केटिंग म्हणजे मुलांचा उन्हाळी क्लास, हा समज जरा कमी होतोय. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेत आपल्या मुलांना आणि मुलींना, दोघांनाही कांस्य मिळालं. मुलांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. तो वेगाचा प्रकार, चाकं एका रांगेत, डर्बीशी संबंध नाही. तरी सांगावंसं वाटलं.

सातरस्ता, रिंक केवढं आहे? पूर्ण ट्रॅकला भोवतीची मोकळी पट्टी धरून साधारण १०८ बाय ७५ फूट लागतात. बास्केटबॉलच्या मैदानात तो बसत नाही.

सातरस्ता
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. रिंक लहान आहे. आमची शिकवणारी म्हणते अर्धाच ट्रॅक आखू, आत्ता तेवढाही पुरून उरेल.

आजचा वृत्तांत. १) पूर्वभाग दादा, एका चाकात खरोखरच खरखर होती. उघडलं तर आत एक लांब केस गुंडाळलेला निघाला, बेअरिंगला घट्ट. आधीच्या मालकिणीचा असावा. सुईने ओढून काढला. आता चाक फिरतंय तर फिरतच राहतंय.

२) गच्चीचा विचार सोडला. सोडला म्हणजे, एकदा करून मग सोडला (चाकोरीबाहेर, ओरडू नका, मधोमध होते आणि नवरा धरून होता). शहाबादी फरशी आहे, दोन फरश्यांच्या मधली दर्ज बोटभर. चाक बरोब्बर त्यात गेलं आणि मी नवऱ्यासकट बसले. त्याला जास्त लागलं.

३) माउथगार्ड. तो गरम पाण्यात मऊ करून दातांना चावून बसवायचा असतो. पाकिटावर लिहिलेली वेळ न वाचता मी चहाच्या पातेल्यात उकळत ठेवला आणि फोन आला. परत येऊन बघते तर त्याचा वाळलेल्या आंब्याच्या फोडीसारखा आकार झाला होता. सासूबाई शेजारी उभ्या. ‘हे दातात घालायचं? का?’ मग सगळं सांगावंच लागलं. धक्के, जॅमर, सगळं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘दुसरं आण. ह्यावेळी मी घड्याळ बघते.’

मनीमाऊ_७१
सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

पार्कचौपाटी
आणि चहा कशात केला मग??

कडकभाकरी
डर्बीत टोपणनाव घ्यायचं असतंय असं आत्ता वाचलो. सोलापूरच्या संघासाठी माझ्याकडून फुकट: धडकेश्वरी. चादरफाड चंदा. चटणी चामुंडा. खुबासुंदरी. आणि कडकभाकरी, पण ते मी घेतलंय.

अनुस्वार
(पेटीतून बाहेर) ‘ढकलाबाई’ राहिलं.

पूर्वभाग
केस निघाला ते चांगलं झालं. बाकीची सात चाकंपण बघा अक्का. एकात हाय म्हणजे दुसऱ्यात असणारच.

अटलांटिकपार
आदल्या दिवसासाठी दोन गोष्टी. नखं काप, पायाचीही. आणि मोजे पोटरीपर्यंतचे, शिवण जाड नसलेले. नवे मोजे त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस.

सरावानंतर पॅडना येणारा वास जगातल्या प्रत्येक डर्बीवाल्याचं दुःख आहे. तुमच्याकडे मात्र ऊन आहे! तासाभरात खडखडीत. फक्त हेल्मेट आणि माउथगार्ड बंद गाडीत ठेवू नकोस. सोलापूरच्या उन्हात पातेल्याची गरज लागणार नाही.

हाडवैद्य
पाणी आदल्या रात्रीपासून प्या. मार्चअखेर सकाळी आठला तिकडे चांगलंच तापलेलं असतं. लिंबू-मीठ-साखर बरोबर ठेवा. उपाशीपोटी जाऊ नका, पण पोटभरही नको.

पार्कचौपाटी
शेवटी डॉक्टरच नाश्त्यावर आले. मी पहिल्या पानावर विचारलं होतं.

सातरस्ता
झाला पहिला सराव! लिहायला दोन दिवस लागले, कारण परवा खुर्चीवरून उठताना हाताने पाय उचलावे लागत होते.

नऊपैकी सात जणी आल्या. पहिला पाऊण तास स्केट घातलेच नाहीत. सामान चढवून नुसतं बसा, टेका, उठा. चादरीवर केलेलं असल्यामुळे मला ते जमत होतं, दोघी-तिघी माझ्याकडे बघून करत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा व्यायामात माझ्याकडे बघून कुणी काही केलं.

मग स्केट. २३ वेळा पडले. तेविसाव्यापर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. पहिल्यांदा पडले तेव्हा डोळे मिटले होते आणि आवाज आला तो फक्त प्लॅस्टिकचा. ठक्. दुखलंच नाही. मी तशीच गुडघ्यावर थांबून राहिले, आता दुखेल, मग दुखेल म्हणून. शेवटी शिकवणारी ओरडली, ‘मुठी! मुठी बंद!’ तेव्हा बघितलं, दहाही बोटं पसरलेली होती. ते अजून जमलेलं नाही. गुडघा आपोआप जातो, बोटं ऐकत नाहीत.

चाकोरीबाहेर, ती स्वतः एकदाही खेळली नाही, नुसती बघत होती. तुमचं म्हणणं आधीच पोचवलं होतं.

थांबायला दोन पद्धती शिकवल्या. पाय फाकवून टाचा बाहेर ढकलायच्या, ती थोडी जमली. दुसरी, एक पाय मागे आडवा घासत आणायचा, ती अजिबात नाही. मी जाळी धरून थांबले. तळपायाच्या खोलगट भागात जी कळ येते त्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं! लेस फार आवळली होती. पुढे सैल आणि घोट्याशी घट्ट बांधल्यावर बरं वाटलं.

मनगट, अंगठ्याचा खळगा, सगळं दाबून बघितलं डॉक्टर. ठीक आहे. मांडीवर एक निळा डाग आहे, त्याचा नकाशा साधारण अक्कलकोट तालुक्यासारखा दिसतो.

शंकासूर
अभिनंदन. मनापासून. (पुढच्या रविवारी बघायला येऊ शकतो का? भाची मागे लागलीय. तिच्यासाठी विचारतोय.)

कडकभाकरी
भाचीसाठी. बरं.

अटलांटिकपार
मुठींना सगळ्यांनाच वेळ लागतो. आमच्याकडे एकीच्या दोन्ही हातात लिंबं दिली होती, पडताना सोडायची नाहीत म्हणून. तुमच्याकडे सराव संपल्यावर त्याचंच सरबत होईल.

मनीमाऊ_७१
बसफुगडी घातलीस का ते नाही सांगितलंस.

सातरस्ता
घातली, मनीमाऊ. नवरा नाही, सासूबाई बसल्या समोर. मी आधी दमले.

@शंकासूर, या की. भाचीला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आणा.

आणि पूर्वभाग दादा, तुमच्यामुळे एक घोळ झालाय. तो १३ चा पाना रिंकवर सगळ्यांच्या हातून फिरला आणि आता कुणाकडेच नाही. गाडीच्या टूलकिटमधला होता. नवऱ्याला अजून माहीत नाही. दुकानात सुटा मिळतो का?

पूर्वभाग
मिळतो अक्का. दोन घ्या.